एकटीनं वाचायची पाटी

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली दिसते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची. जमिनीच्या लाकडी फळ्यांमधून खालच्या रबराचा आणि तेलाचा वास वर येतो, मधूनच कुणीतरी नवी बसवलेली घंटी वाजवून पाहतं. उजवीकडे खिडकी, तिच्या एका चौकटीत काचेऐवजी पुठ्ठा. डावीकडे फळा. दोन बाकांवर आठ बायका खांद्याला खांदा लावून बसल्या आहेत, आणि फळ्यापाशी हातात पट्टी घेऊन आपली नायिका उभी आहे. उंची बेताची, अंगकाठी बेताची. आवाज मात्र असा, की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटावेत.

"दार उघडे आहे!" बाई म्हणतात.

"दार उघडे आहे!" आठ जणी एका सुरात म्हणतात. खाली दुकानात बाईंचे यजमान सवयीनं मान वर करून दाराकडे बघतात. इतक्या वर्षांत त्यांना ही सवय सोडता आलेली नाही.

गल्लीत सगळे तिला बाईच म्हणायचे. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी महिनाभर तो आवाज ऐकला आणि एक दिवस हात जोडले. म्हणाल्या, "सूनबाई, एवढा गळा देवानं दिलाय, तर घरातल्या चार माणसांवर कशाला वाया घालवतेस? वर टायरांची खोली रिकामी आहे. कुणाच्या तरी उपयोगी पड." बाईंनी टायर हलवले, फळा टांगला आणि गल्लीतल्या मोठ्या माणसांना वाचायला शिकवायला बसल्या. तेव्हापासून त्या खोलीतून कितीतरी बायकापुरुष अक्षरओळख घेऊन गेले. बाईंची पद्धत एकच: मी म्हणते, मागून सगळ्यांनी म्हणा. मोठ्यानं म्हणा. लाजेला जागाच उरत नाही.

आजचा प्रवेश मात्र वेगळा होता, कारण दारात एक पाहुणा उभा होता. रोजगार केंद्राचे साहेब. वयानं तरुण, खिशाला दोन पेनं, चेहरा कायम परीक्षेला उशीर झाल्यासारखा. त्यांच्या केंद्राचं काम म्हणजे बेकार माणसांना एखादं काम शिकवायचं आणि त्या कामावर लावून द्यायचं. पलीकडच्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात माणसं हवी होती. केंद्रानं तिथेच शिकवण्याची सोय केली होती, मशीनही होत्या आणि शिकवणारा मास्तरही. पण येणारी माणसं ट्रॉलीवरच्या पाट्या वाचू शकत नव्हती आणि आठवड्याभरात पळ काढत होती.

बाईंचं दुखणं उलटं होतं. समोर बसलेल्या आठही जणी बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायच्या. कारखान्यानं पुडे भरणारं यंत्र आणलं आणि या घरी बसल्या. वाचायला शिकतील, पण शिकून जाणार कुठे?

थोडक्यात, साहेबांकडे कामं होती आणि माणसं नव्हती, बाईंकडे माणसं होती आणि कामं नव्हती. अशी सोयरीक जुळायला मध्यस्थ लागत नाही.

"बाई, छान वाचतात हो सगळ्या," साहेब खुशीत म्हणाले.

"मग? माझ्या वर्गात मुकं कुणी राहत नाही."

पहिल्या बाकावर, अगदी टोकाला, थोरली बसली होती. थोरली म्हणजे बाईंची थोरली जाऊ. कारखान्यातही पुडे वाहणाऱ्या पट्ट्याच्या तोंडाशी तिचीच जागा असायची, इथेही तीच. घरात बाईंनी तिच्यापुढे ब्र काढायचा नाही आणि वर्गात तिनं बाईंना "अहो बाई" म्हणायचं, असा दोघींचा करार होता.

"अहो बाई," थोरली म्हणाली, "साहेबांना बसायला तरी द्या. का घरची मोठी माणसं सांगतील तेव्हाच सुचायचं?"

आठवड्याभरात सगळी वरात इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईघरात पोचली. भिंतीला लागून गडगडणाऱ्या मोठ्या मशीन, पलीकडे ड्रायर, मधे कपड्यांच्या ट्रॉल्या, आणि प्रत्येक ट्रॉलीला दोरीनं अडकवलेली पाटी. आत काय आहे आणि त्याचं काय करायचं, ते पाटीवर. धुलाईमास्तर हा तिथला अनुभवी माणूस. रुंद खांदे, भाजल्याच्या खुणांनी भरलेले हात, आणि बोलणं असं की शब्दांना जकात पडते.

"पाटी वाचायची. मग ट्रॉली हलवायची. बस," एवढं सांगून तो बाजूला झाला.

पहिली ट्रॉली थोरलीची. तिनं पाटीकडे बघितलं, मान डोलावली आणि ट्रॉली ढकलत पांढऱ्या कपड्यांच्या पहिल्या मशीनकडे नेली. तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. बिस्किटाच्या पट्ट्यावर एक शिस्त असते: शेजारणीचा हात हलला की आपला हलवायचा. पट्टा थांबत नाही, विचार करायला सवड नसते, डोळा कायम शेजारच्या हातावर. आठही जणींची उभी हयात त्या शिस्तीत गेली होती. मागच्या सात जणींपैकी एकीनंही आपल्या पाटीकडे नजर टाकली नाही.

थोरलीच्या पाटीवर लिहिलं होतं: नवे हिरवे गाऊन, रंग जातो, पांढऱ्यात घालू नका.

मशीन थांबल्या आणि दारं उघडली, तेव्हा इस्पितळाच्या मजलाभर चादरी पोपटी झाल्या होत्या.

मास्तरनं एक चादर उजेडात धरली. "कोणत्या देशाचा झेंडा म्हणायचा हा?"

हसू सगळ्यांनाच येत होतं, पण साहेबांचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. साहेब ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "बाई, माझं चुकलं. यापुढे शाळा पुरी केलेलीच माणसं घेऊ. यांचं कुठेतरी दुसरीकडे बघू."

दुसरीकडे बघू म्हणजे कुठेच नाही, हे कळायला वाचता यावं लागत नाही.

घरी आल्यावर बाई स्वयंपाकघरात गेल्या. थोरली भांडी पुसत होती, गरजेपेक्षा जास्त जोरानं.

"जाऊबाई, ती पाटी तुम्ही वाचली होती ना?"

थोरलीनं पुसलेलं पातेलं परत पुसायला घेतलं. बाईंनी भिंतीवरचं औषधाचं खोकं काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे वाचा बघू."

"चष्मा नाही."

"डोळ्यांवरच आहे."

थोरलीनं फडकं खाली ठेवलं. "येत नाही मला. झालं समाधान? तुम्ही सगळ्या म्हणता तेव्हा मी ओठ हलवते."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. अगं, तुझा आवाज एवढा मोठा, त्याच्या सावलीत कुणीही खुशाल बसेल. आणि घरातल्या धाकटीसमोर थोरलीनं अडखळायचं? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं." मग जरा थांबून म्हणाली, "मी एकटीच नाही हो. निम्म्या तरी माझ्याच पंगतीला आहेत."

नाटकाच्या कोरसमध्ये असे चेहरे नेहमी असतात. तोंड उघडं, मान डुलते, गाणं मात्र शेजारचा गातोय. प्रेक्षकांना पत्ता लागत नाही, कारण एकूण आवाज भरदार असतो. बाई जमिनीवर बसल्या. आपण बांधलेल्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत हे कळल्यावर माणूस बसतो तशा. पण फार वेळ नाही. थोड्या वेळानं उठून त्यांनी तोंडावर पाणी मारलं.

"जाऊबाई, उद्या लवकर उठायचंय."

"कशाला?"

"साहेबांकडे जायचंय. तुम्हीसुद्धा."

साहेब कचेरीचं कुलूप उघडत होते, तेव्हा दोघी पायरीवर बसलेल्या होत्या. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. माझी पद्धत चुकली, म्हणाल्या. सगळ्यांना एकत्र म्हणायला लावलं, त्यात कोण वाचतंय आणि कोण नाही ते मलाच कळलं नाही. आता वर्ग खोलीत नको, धुलाईघरात हवा, मशीनपाशी, पाट्यांपाशी. मास्तरनं काम शिकवायचं, मी वाचायला शिकवायचं, एकाच वेळी. आणि प्रत्येकीनं एकटीनं वाचायचं.

"आणि परत चादरी रंगल्या तर?"

"तर मी स्वतः धुऊन देईन."

साहेबांनी थोरलीकडे बघितलं. "आजी, तुम्हाला खरंच शिकायचंय?"

"शिकायचं नसतं तर एवढ्या सकाळी तुमच्या पायरीवर गार दगडावर बसले असते का मी?"

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. "एक महिना. महिन्यानंतर परीक्षा, पाट्या मी लिहिणार, कुणी बघितलेल्या नसतील. ज्यांना जमेल त्यांना काम. पण वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही, ते या आजींवर. यांना जमलं तर कुणालाही जमेल, मग तुमचा वर्ग केंद्राचा कायमचा. नाही जमलं तर बाई, आपलं गणित इथेच संपलं."

थोरलीच्या पाचावर धारण बसली. बाईंनी तिचा हात धरला आणि तिला उठवलं. "कबूल."

आता राहिला धुलाईमास्तर.

"इथे कपडे धुतात. शाळा भरवत नाहीत," तो म्हणाला.

"मग पोपटी चादरी आणखी हव्यात का?"

मास्तरनं डोकं खाजवलं. "माझी एक अट. बाई, तुम्ही मधे बोलायचं नाही. एकीला अडलं की तुम्ही पहिलं अक्षर पुरवता. वरच्या खोलीत ते चालतं. इथे पाटी चुकली की हात भाजतो. शिकवताना बोला हवं तेवढं, पण ती वाचायला उभी राहिली की तुम्ही ड्रायरच्या मागे."

बाईंना आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. सासूबाईंनीसुद्धा नाही. तरी त्यांनी मान हलवली.

मग सुरू झाली तालीम. मशीनच्या गडगडाटात एकेकीनं ट्रॉलीपाशी उभं राहायचं, पाटी मोठ्यानं वाचायची, आणि मास्तर मशीनच्या पलीकडून ओरडायचा, "ऐकू आलं नाही! कपड्यांनाही आलं नाही!" पहिल्या दिवशी सगळ्या चिडल्या. एकटीनं वाचायचं म्हणजे भर बाजारात उघडं पाडणं, असं म्हणून दोघी निघून गेल्या. बाई त्यांच्या घरी गेल्या. एक परत आली, दुसरीनं दार लावून घेतलं. बाई तिच्या बंद दाराशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वळल्या, कारण सात जणी वाट बघत होत्या.

शब्दही बदलले. "दार उघडे आहे" गेलं, "गरम", "गार", "वेगळे", "पिशवी", "न उघडता" आलं. मास्तर काम समजावायचा: काही पिशव्या उघडून कपडे निवडायचे, काही मात्र संसर्गाच्या खोलीतल्या, त्या तशाच मशीनमध्ये टाकायच्या, गरम पाण्यात पिशवी आपोआप विरघळते. बाहेरून दोन्ही सारख्याच. फरक फक्त पाटी सांगते. बाई तेच शब्द फळ्यावर लिहायच्या. मास्तरचं एक वाक्य बाई दहा वाक्यांत सांगायच्या आणि बाईंची दहा वाक्यं मास्तर एका वाक्यात आटपायचा. जोडी हळूहळू जमली. एकदा तर मास्तर चक्क म्हणाला, "बाई, तो 'र्ग' जरा मोठा काढा, मलाही दिसत नाही," आणि सगळं तळघर हसलं.

थोरलीचं घोडं मात्र जोडाक्षरापाशी अडायचं. एकेरी अक्षरं तिनं पटकावली होती, पण दोन अक्षरं एकमेकांवर बसलेली दिसली की तिची मान नकळत बाजूला वळायची. शेजारी कुणाचा हात हलतोय का ते बघायला. मास्तरनं शेजारी कुणी ठेवलंच नव्हतं. मग ती ड्रायरकडे बघायची. ड्रायरमागे बाई मूग गिळून बसलेल्या. कधी मूठ तोंडात, कधी डोळे घट्ट मिटलेले. एकदा थोरलीनं "सं" म्हणून इतका वेळ लावला, की बाईंनी शेजारची ओली उशी उचलून तोंडावर दाबली.

घरी आल्यावर थोरली चिडायची. "एक अक्षर सांगितलं असतंस तर काय जीभ झिजली असती?"

"झिजली असती, जाऊबाई. माझी नाही, तुमची."

"मोठी आली शहाणी. जेवायला वाढ." आणि जेवता जेवता डब्यावरचं नाव अक्षर लावून वाचायची, आवाज न करता.

परीक्षेचा दिवस उजाडला. साहेब आले, बरोबर नव्या पाट्या. परीक्षेसाठी पिशव्यांत साधे स्वच्छ कपडे भरले होते, पण ते कुणाला सांगायचं नव्हतं. बाई आपल्या जागी, ड्रायरमागे. मास्तर दारापाशी, हातांची घडी.

पहिली आली ती हसरी. तिचं नावच पडलं होतं तसं, कारण ती घाबरली तरी हसायची. तिनं ट्रॉली धरली, पाटीकडे बघितलं आणि पहिला शब्द वाचला. तेवढ्यात साहेब सहज म्हणाले, "चला, पिशवी उघडा आणि सुरू करा."

हसरीनं हसत पिशवी उघडली.

साहेबांनी एक खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं. बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाटी त्यांना तिथून दिसत होती: पिशवी न उघडता. साहेब मुद्दाम चुकीचं सांगत होते! ज्या सवयीनं चादरी रंगल्या, तीच सवय ते तपासत होते. शेजारचा हात नसेल तर साहेबाचा शब्द. त्याच्यामागे जाते की पाटीमागे? बाईंना राग आला, आणि रागाबरोबर थोडा आदरही. माणूस कच्चा नव्हता.

एकेक येत गेली. कुणी साहेबांचं ऐकलं, कुणी पाटीचं. शेवटी थोरली.

ती ट्रॉलीपाशी उभी राहिली. हात पुसले. चष्मा नाकावर दाबला.

"आजी, पिशवी उघडा, सुरू करा," साहेब म्हणाले.

थोरलीचा हात पिशवीकडे गेला. ड्रायरमागे बाईंच्या तोंडात शब्द आला, अख्खा, सगळ्या मशीनच्या आवाजावर चढेल एवढा. त्यांनी ओठ दातांखाली धरले. एक हाक आणि थोरली वाचली असती, पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून वाचली म्हणून वर्ग बुडाला असता. बाईंनी डोळे मिटले नाहीत. आज बघायचंच, असं ठरवलं.

थोरलीचा हात पिशवीच्या गाठीवर थांबला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी वाचते."

"आजी, उशीर होतोय."

"होऊ दे." तिनं बोट पाटीवर ठेवलं. "सं... स..." मान बाजूला वळायला लागली आणि अर्ध्या वाटेवरून तिनं ती परत आणली. "स-र्गा... संसर्गाच्या. खो-ली-त-ले. कप-डे." मशीन गडगडत होत्या. मास्तरची हातांची घडी सुटली होती. "पि-श-वी. न." बोट तिथे अडलं. "न. उ-घ-ड-ता. मशीनमध्ये टाका."

तिनं मान वर केली आणि साहेबांकडे सरळ बघितलं. "साहेब, तुम्ही म्हणता उघडा. पाटी म्हणते नको. तुमचा मान ठेवते मी, पण ऐकायचं कुणाचं?"

"पाटीचं, आजी," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरची परीक्षा संपलेली दिसली. "कायम पाटीचं."

थोरलीनं पिशवी उचलली, तशीच आत टाकली आणि दार बंद केलं. मग मशीनला पाठ टेकून उभी राहिली.

वर्ग राहिला. चौघींना काम मिळालं, थोरली त्यांतली एक. हसरी आणि आणखी दोघी पुढच्या खेपेला. मास्तर म्हणाला, "बाई, महिनाभर मी तुम्हाला गप्प बसवलं. या जगात माझ्यासारखा पराक्रम कुणी केला नसेल." सगळे हसले. थोरलीनं बाईंच्या पाठीत एक धपाटा घातला, घरातल्या थोरलीचा. "बोल आता. गळ्याला गंज चढला असेल तुझ्या."

पण बाई ड्रायरमागून बाहेर आल्या त्या कुणाकडेही न बघता दाराकडे गेल्या. तिथे हसरी आपली पिशवी खांद्याला लावून निघाली होती. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. बाईंनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, खुंटीला अडकवली आणि तिची ट्रॉली ओढून तिच्यासमोर उभी केली. बाई बोलल्या, आणि महिनाभर कोंडलेला तो आवाज इस्पितळाच्या वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार.

"निघालीस कुठे? बाह्या वर सार, ही पाटी घे आणि पहिल्यापासून वाच. आणि साहेब, तुम्ही इथेच थांबा. तिला परत एकदा चुकीचं सांगा बघू!"